सदनिका नऊची तारीख

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५. बोईसर

पालघरच्या कलेक्टर कचेरीत द्यायच्या अर्जाचा मसुदा श्री. सावे यांनी आज सहीसाठी आणला. (सावे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव. तारापूरच्या अणुवीज केंद्रात झडपांच्या देखभालीवर होते.) पहिलेच वाक्य असे: "दिवाळीनंतर शेजारच्या इमारतीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला व त्याच दिवसापासून आम्हां सर्व सोळा कुटुंबांना कानात घरघर ऐकू येत आहे."

एका वाक्यात तीन चुका. मनोरा दिवाळीनंतर नव्हे, दिवाळीपूर्वी उभा राहिला: शनि. ११ ऑक्टो., दुपारी सुमारे साडेबारा. क्रेन गल्लीच्या तोंडाशी अडकली होती, म्हणून वेळही लक्षात आहे. कुटुंबे सोळा नव्हेत, चौदा. दोन सदनिकांना वर्षभर कुलूप आहे. आणि 'सर्व' हा शब्द प्रत्येकाला विचारल्याखेरीज लिहू नये.

सावे हसले. "शिंत्रेसाहेब, शुद्धलेखन तुमी बघा. भावना आमच्या हायत, त्या राहू द्या."

सही केली नाही. आधी नोंदवही करायची, मग अर्ज, असे ठरवून दिले. तारापूरच्या केंद्रात अठ्ठावीस वर्षे मी हेच केले. छातीवरच्या बॅजने महिन्याभरात किती किरणोत्सार टिपला तो आकडा ज्याच्या त्याच्या नावापुढे लिहायचा. माझ्या ओळींत खाडाखोड नसे.

सौ.च्या कानातही आवाज आहे. डोके जड, मधूनच चक्कर. इतरांचे मला ठाऊक नाही. तिच्यासाठी तरी कारण सापडले पाहिजे, आणि लवकर.


रविवार, १६ नोव्हें.

दहा ते साडेबारा घरोघर फिरलो. रकाने: नाव, तक्रार, केव्हापासून, दिवसातील कोणत्या वेळी.

आमचे सोडून तेरांपैकी अकरा घरांत आवाज. तारीख विचारली की प्रत्येक जण आधी खिडकीतून मनोऱ्याकडे पाहतो, मग उत्तर देतो. अकराही जणांनी क्रेनचाच दिवस सांगितला. इतकी एकवाक्यता केंद्रातल्या कागदांतही क्वचित पाहिली.

सावे यांनी माझा किरणोत्सार मोजायचा जुना पेनासारखा मात्रामापक मागितला. गच्चीवर धरून बघू म्हणाले. तो केंद्राकडे परत केला आहे, आणि असता तरी या कामाला निरुपयोगी. तो किरणोत्सार वेगळा, अणूतून इलेक्ट्रॉन उडवणारा. फोनच्या लहरी तसे करत नाहीत. फार तर ऊब देतात. त्या मापकाला त्या दिसतही नाहीत. हे सांगितल्यावर जिन्यात जमलेले एकेक करून घरात गेले व खिडक्या लावून घेऊ लागले. मापकालाही न दिसणारे, एवढेच त्यांनी ऐकले असावे.

शेवटी घरी. सदनिका ९. सौ. मेथी निवडत होती.

केव्हापासून? "आठवत नाही हो. हळूहळू आलं असेल."

'हळूहळू' असा रकाना नाही, म्हणालो.

"मग आखा की. पट्टी आहे ना तुमच्याजवळ."

केंद्रात एखाद्याचा बॅज हरवला तर त्याची ओळ रिकामी ठेवत नसत. त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच कामावर जे होते त्यांच्या आकड्यांवरून त्याचा आकडा ठरवायचा आणि पुढे 'अं.' लिहायचे. अंदाजित. वरिष्ठांची सही झाली की तो त्याचा आकडा. निवृत्तीपर्यंत त्याच्यासोबत जातो. इथे वरिष्ठ कोणी नाही. लिहिले:

सदनिका ९: कानात आवाज, चक्कर. ११ ऑक्टो. (अं.)

पान पूर्ण झाले.


बुधवार, १९ नोव्हें.

बैठकीत ठराव: दुपारी दोन ते पाच कोणीही फोन घरात न्यायचा नाही. टॉवर काढता येत नाही तोवर फोन तरी दूर. सावे यांनी जिन्याच्या पायथ्याशी प्लायवूडची फळी ठोकली. तिच्यावर चौदा खण, खणांवर आकडे. मी काही सुचवले नव्हते, पण झाली ती हुबेहूब केंद्राच्या फाटकावरची बॅजची फळी. जाताना उचलायचा, येताना ठेवायचा.

दोन वाजता केंद्रातले सगळे निवृत्त एकामागोमाग आले. रांग लावायला कोणी सांगितले नव्हते. फोन ठेवून वळताना प्रत्येकाचा हात शर्टाच्या डाव्या खिशाकडे गेला, जिथे बॅज असे. माझाही गेला.

३.१०. पाचव्या खणातला फोन थरथरला. थांबला. मग अकराव्यातला. मग दोन एकदम. कोणी खाली उतरले नाही. आपलाच वाजतो आहे की काय, म्हणून दारे मात्र किलकिली झाली. ती फळी गुणगुणत होती आणि जिना ते वरपर्यंत वाहून नेत होता.


शुक्रवार, २१ नोव्हें.

पालघर. कान-नाक-घशाचे डॉक्टर, मध्यमवयीन, नेमके बोलणारे. आवडले. त्यांनी सौ.ला विचारले, "आवाज केव्हापासून येतोय?" ती विचार करत होती. मी नोंदवही उघडून सांगितले: ११ ऑक्टोबर.

"म्हणजे सहा आठवडे." त्यांनी तसे लिहून घेतले. कान तपासले. दोन्हींत की एकात, असे विचारले. ती म्हणाली, डावीकडे जास्त. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात घाबरण्यासारखे काही नाही, सर्दी मुरली असेल. गोळ्या देतो, महिन्याने या, तोवर बरे नाही वाटले तर पुढच्या तपासण्या करू.

मनोऱ्याचे मी विचारलेच. ते म्हणाले, मर्यादेच्या आत असेल तर मनोऱ्यामुळे कानात आवाज येतो असे आजवर तरी कोणी दाखवून दिलेले नाही. पण माणूस सारखा त्याकडे कान लावून बसला की काहीही ऐकू येते.

परतताना रिक्षात सौ. सरावली फाट्यापाशी म्हणाली, "त्यांनी मला विचारलं होतं."

मी तारीख अचूक सांगितली, असे म्हणालो. ती बाहेर पाहत होती; ऐकले नसावे.


शनिवार, २२ नोव्हें.

दु. २.५०. पूर्वेच्या खिडकीशी उभा होतो. मलाही ऐकू आला.

बारीक, सलग. पाण्याचा पंप दूरच्या इमारतीत चालू असावा तसा. कान झाकले तर वाढतो. गच्चीवर गेलो. सावे आधीच तिथे, आणि पहिल्या मजल्यावरचे दोघे. चौघेही मनोऱ्याकडे तोंड करून मान एकाच बाजूला कलवून उभे. ऊन कडक. सावे यांनी फक्त बोट वर केले: ऐका.

फळीचा नाद म्हणावा तर फळी आज जागेवर नव्हती. रंगवायला नेली आहे.

वहीत माझ्या नावापुढे लिहिले: २२ नोव्हें. अक्षर ओळ सोडून खाली गेले आहे. ती ओळ पुन्हा लिहिणार नाही.


मंगळवार, २५ नोव्हें.

पूर्वेकडच्या सात खिडक्यांना स्वयंपाकघरातली चंदेरी चकचकीत पन्नी लागली. सकाळी रस्त्यावरून इमारतीकडे पाहवत नाही. घरात दिवसाही दिवा. सौ. म्हणते, डब्यात बसल्यासारखं वाटतं. तिने आमची पन्नी काढून तीत भाकऱ्या गुंडाळल्या.

तिच्याशी अलीकडे बोलणे अवघड झाले आहे. मी एक विचारतो, ती दुसरेच सांगते. मध्येच, खोलीत कोणी बोललेले नसताना, "काय म्हणालात?" असे विचारते.


शुक्रवार, २८ नोव्हें.

तिला मनोऱ्यापासून दूर न्यायचे, म्हणून चिंचणीचा किनारा. फोन मुद्दाम घरी ठेवले. ओहोटी. सुरूच्या झाडांखाली बसलो. मला काही ऐकू येत नव्हते. समुद्राखेरीज काही नाही. बरे वाटले.

तिला विचारले, थांबला ना? उत्तर नाही. पुन्हा विचारले.

"इथंही आहे."

मनोरा इथून आठ-दहा किलोमीटर, सांगितले.

"मग तो मागून आला," ती म्हणाली आणि डाव्या खांद्यावरून मागे पाहिले. मीही पाहिले. वाळू, दोन कुत्री, आमची पावले. नंतर ती हसली. पण ते हसू पाहण्यापूर्वीच्या त्या एका क्षणाचे काय करायचे, कळत नाही.


बुधवार, ३ डिसें.

सकाळी दहाला शेजारच्या गच्चीवर माणूस दिसला. पन्नाशीचा, कमरेला हत्यारांचा पट्टा. कठड्यापाशी जाऊन त्याला हाक मारली. दोन गच्च्यांत अंतर फार नाही. मनोऱ्याची शक्ती थोडी कमी करता येईल का, इमारतीत लोक आजारी आहेत, असे माझ्या हिंदीत सांगितले. तो आधी समजला नाही. मग लोखंडी पेटीचे दार उघडून त्याने मला आतले दाखवले. तारांची टोके मोकळी लोंबत होती, त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या तशाच.

"बाबूजी, इसमें तो अभी जान ही नहीं डाली है। बिजली का मीटर नहीं लगा, लाइन नहीं आई। खंभा है खाली।"

केव्हापासून असे आहे, विचारले.

"जब से खड़ा किया तब से।"

खाली आलो. जिना मोजून उतरलो. मनोरा ११ ऑक्टोबरला उभा राहिला. आजपर्यंत तो नुसता खांब आहे. त्यातून काही निघालेले नाही. ५३ दिवस. अकरा घरे.

मग २२ तारखेला मी काय ऐकले?


शुक्रवार, ५ डिसें.

बैठक घेऊन सांगितले. कोणी रागावले नाही. ते अधिक वाईट. सगळे शांतपणे ऐकून घेत होते, वेड्याचे ऐकावे तसे.

कंपनीचा माणूस असेच सांगणार, असे सावे म्हणाले. मोकळ्या तारा मी स्वतः पाहिल्या, असे सांगितले. ते उठले, खिडकीपाशी गेले, मान कलवून उभे राहिले.

"साहेब, मी आत्ता ऐकतो हाय. आत्ता. तो बंद हाय तर मंग हे काय हाय?"

त्या क्षणी मलाही ऐकू येत होते.

पहिल्या मजल्यावरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, चालू नसताना एवढा, तर चालू झाल्यावर काय? त्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले. दारांच्या कड्या लागल्याचे आवाज एकामागोमाग आले, वरच्या मजल्यापर्यंत.


बुधवार, १० डिसें.

मनोरा काल, मंगळ. ९ डिसें., स. ११.२० वा. चालू झाला. मी कठड्यापाशी होतो. त्या माणसाने पेटीतून अंगठा वर केला. एवढेच. आवाजात काडीचाही फरक नाही.

हे कोणाला सांगायचे नाही असे ठरवले. लपवाछपवी म्हणून नव्हे. केंद्रात प्रत्येक फळीवर एक बॅज असा असे की जो कोणीही लावायचा नाही. तो नुसता लटकत राही, महिना भरला की तोही तपासत. ज्याच्यापाशी काहीच घडले नाही त्याचा आकडा माहीत असल्याखेरीज बाकीच्यांच्या आकड्यांना अर्थ नाही. माझ्या नोंदवहीत ती ओळच नव्हती. अठ्ठावीस वर्षे ज्याने ती लिहिली, त्याच्या वहीत.

न सांगता तक्रारी वाढतात का, सहा दिवस पाहायचे.


मंगळवार, १६ डिसें.

कोणाला कळले नाही. तक्रारी वाढल्या नाहीत; अकराच्या नऊ झाल्या. पन्नी दोन खिडक्यांवरून गळून पडली, कोणी पुन्हा लावली नाही.

रीतसर मोजणी मागवली होती. आज मोजणारे आले. तिपाई, त्यावर पांढरा चेंडू. आमच्या गच्चीवर, जिन्यात, पूर्वेच्या दोन घरांत. आकडा मर्यादेच्या बराच खाली. सावे यांनी कागदावर सही केली आणि विचारले, मर्यादेखाली म्हणजे काहीच नाय ना? मोजणारा म्हणाला, मर्यादेखाली म्हणजे मर्यादेखाली. अचूक उत्तर. असे बोलणारे कमी राहिले.

सौ. म्हणाली, "माझ्या फोनचं बघा की. तो तर कानालाच लावते." कळफलकावर ताराचिन्ह वगैरे दाबले की शरीरात किती लहरी मुरतात तो आकडा फोन स्वतःच दाखवतो. एक ग्रॅम ऊतीवर सरासरी धरून किलोमागे १.६ वॉट ही मर्यादा. तिचा फोन त्याखाली. तिला वाचून दाखवले.

"म्हणजे फोन नाही, टॉवर नाही. मग हे कुणाचं?" तिने डाव्या कानावर हात ठेवला होता.

इतरांचा आवाज ओसरतो आहे. माझाही, आज दुपारी पुष्कळ वेळ खिडकीत उभा राहिलो, आला नाही. तिचा तसाच आहे.


बुधवार, १७ डिसें.

देवकीबाई मुरब्याहून मासे घेऊन आली. दर बुधवारी आणि शनिवारी येते, बारा-तेरा वर्षे. मी सहसा आतल्या खोलीत असतो. आज दारातच होतो, वाटे करताना पाहत. सौ. उंबऱ्यात बसली. देवकीबाईने पाटी उचलली, वळसा घालून तिच्या उजव्या हाताला नेली आणि मगच बोलायला लागली.

तिकडे ऊन आहे, इकडे सावली. पाटी हलवली कशाला, असे मी विचारले.

"बायला त्या अंगाला ऐकू येत नाय ना."

सौ. बोंबील निवडत राहिली.

केव्हापासून, मी विचारले. हा प्रश्न गेल्या महिन्यात मी किती वेळा विचारला असेल.

"लय दिस झाले. आमच्या सुनेला पोर झालं तवा मी सांगाय आली, सुका जवळा घेऊन. पावसाळ्याची बंदी होती ना, ओलं कुठं मिळतंय. ह्या बाजूनं चार टायमाला सांगितलं, बाय नुसती हसली. मग त्या बाजूनं सांगितलं तर रडली. तवापास्नं मी हिकडंच बसतंय." मग माझ्याकडे पाहिले. "काका, तुमाला नाय ठाव?"

पोराचा जन्म कधीचा? गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवसाचा. पोर आता अडीच वर्षांचे, पळते, शिव्याही देते. आत जाऊन जुनी पंचांगे काढली. यंदाचे नव्हे, गेल्या वर्षीचेही नव्हे. २ जुलै २०२३.

जेवायला बसलो. माझी खुर्ची तिच्या डाव्या हाताला आहे. पलंगावर माझी बाजूही डावी.


गुरुवार, १८ डिसें.

माळ्यावरून २०२३ आणि २०२४ च्या रोजनिश्या काढल्या. माझेच अक्षर. उतरवून घेतो, एक शब्दही बदलत नाही.

१४ ऑगस्ट २०२३. सौ.चे लक्ष नसते. तीन हाका मारल्या, चौथीला "काय?"

२१ नोव्हें. २०२३. प्रश्न एक, उत्तर दुसरे. वयाप्रमाणे बोलण्यातला काटेकोरपणा सुटतो. तिचा लवकर सुटला.

९ मार्च २०२४. लग्नात सौ. माझ्याशी बोलली नाही. कारण विचारले तर म्हणते, "गोंगाट होता." गोंगाट नव्हता.

६ सप्टें. २०२४. पुन्हा "कुठं काय वाजतंय?" म्हणून घरभर फिरली. काही वाजत नव्हते. तसे तिला स्पष्ट सांगितले.

या शेवटच्या दिवशी शेजारची गच्ची रिकामी होती. मनोरा यायला वर्षाहून अधिक काळ होता.

सगळे लिहिलेले होते. तारखेसह, स्वच्छ अक्षरात. स्वभावाच्या रकान्यात.


शुक्रवार, १९ डिसें.

पालघर. आज मी बाहेर बसलो. तिने एकटीने सांगितले. मग तिला काचेच्या लहान खोलीत बसवून श्रवणचाचणी. काचेतून दिसत होती: कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. उजव्या कानाच्या वेळी अंगठा सारखा हलत होता. मग अंगठा थांबला. पुष्कळ वेळ थांबला. ती माझ्याकडे पाहून हसली. चाचणी अजून सुरू झाली नाही असे तिला वाटत होते.

आलेखावर डावी रेघ तळाशी.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "हे दोन महिन्यांतलं नाही. तुम्ही ऑक्टोबर सांगितलं होतं."

तो अंदाज होता, म्हणालो. तसे त्यांना सांगायला हवे होते. वहीत 'अं.' होते, मी वाचताना ते वाचले नाही.

एका कानाचे ऐकणे असे हळूहळू जाते, आवाज येतो, तोल जातो, तेव्हा कानामागच्या नसेवर गाठ तर नाही ना ते पाहावे लागते, असे त्यांनी सांगितले. बहुधा नसते. असली तरी बहुधा साधी, सावकाश वाढणारी. पण वाढण्याचा हिशोब पहिल्या दिवसापासून धरतात. तो दिवस नीट सांगा. सोम. २९ ला एमआरआय.

सौ.ने विचारले, फोनमुळे का? ते म्हणाले, त्यावर जगभर अभ्यास चालू आहेत, आजवर तरी तसे सिद्ध झालेले नाही. फोन कोणत्या कानाला लावता? उजव्या, ती म्हणाली. त्यात ऐकू येतं ना.

रिक्षात तिच्या उजव्या बाजूला बसलो. रिक्षावाल्याला सुट्टे देण्यासाठी ती उजवीकडे वळली आणि दचकली. त्या बाजूला कोणी असण्याची सवय नव्हती.


मंगळवार, २३ डिसें.

खुर्ची हलवली. पलंगाची बाजू बदलली. दोन दिवस दोघेही एकमेकांना धडकत होतो.

आज दुपारी विचारले, मला का नाही सांगितलेस?

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात, काही वाजत नाहीये." मग म्हणाली, "आणि बाकी सगळ्यांना ऐकू यायला लागलं तेव्हा मला किती बरं वाटलं माहितीय? वाटलं, म्हणजे हा माझ्यात नाही. बाहेर आहे."

म्हणूनच तारीख विचारली तेव्हा तिने 'हळूहळू'चा रकाना आखायला सांगितला.

सावे येऊन गेले. फळी काढू का, विचारत होते. चौदांपैकी तीन खणांत फोन असतात. काढा म्हणालो. जाता जाता जिन्यात थांबले, मान कलवली. "गेला वाटतं साहेब," म्हणाले. पण उतरायला निघाले नाहीत. काही तरी हरवल्यासारखे उभे होते.


रविवार, २८ डिसें.

उद्या स. ९ वा. पालघर. कागद, गोळ्यांची पाकिटे, चष्मा पिशवीत. यंत्रात फार मोठा आवाज होतो, असे तिला सांगून ठेवले. ती म्हणाली, "बरंय, एका कानालाच त्रास."

अर्जावर सही केलेली नाही. नोंदवही सावे यांच्या स्वाधीन केली. नवव्या ओळीवर रेघ मारून खाली सही केली. आयुष्यातली पहिली खाडाखोड.

आत्ता ती समोर बसून मटार सोलते आहे. मध्येच थांबते, डोके किंचित डावीकडे करते. मीही थांबतो. काही ऐकू येत नाही. आता तिला तसे सांगत नाही. कसा आहे, असे विचारतो. ती सांगते. आज समुद्रासारखा, म्हणाली.

डॉक्टरांसाठी दुरुस्त तारखा. प्रत एक.

मनोरा उभा राहिला. अर्जात: दिवाळीनंतर. खरे: ११ ऑक्टो. २०२५.

मनोरा चालू झाला. अर्जात: त्याच दिवशी. खरे: ९ डिसें. २०२५, स. ११.२०.

शेजाऱ्यांना आवाज ऐकू येऊ लागला. ११ ऑक्टो. २०२५. तारीख बरोबर, कारण माहीत नाही.

मला आवाज ऐकू आला. २२ नोव्हें. ते १५ डिसें. २०२५. नोंद कायम ठेवावी. कारण माहीत नाही.

सौ. विमल शिंत्रे, डावा कान. नोंदवहीत आणि आपल्या कागदावर: ११ ऑक्टो. २०२५. ती तारीख माझी, तिची नव्हे; रद्द समजावी.

घरभर आवाज शोधत फिरली: ६ सप्टें. २०२४ रोजी 'पुन्हा'. म्हणजे त्याआधीही.

हाका ऐकू न येणे: १४ ऑगस्ट २०२३.

डाव्या बाजूने चार वेळा सांगूनही ऐकू न येणे: जुलै २०२३चा आरंभ. साक्षीदार देवकीबाई, मुरबे.

त्यापूर्वी केव्हा: माहीत नाही. त्या काळात मी रोज घरीच होतो.